न उकरलेला बोगदा: 'डेथ लाइन', लंडनची भुयारी रेल्वे आणि आपला बोरघाट

आजचा धागा नेहमीपेक्षा लांब आहे. निमित्त एका जुन्या ब्रिटिश भयपटाचे आहे. चित्रपट पन्नास वर्षांहून जुना असल्याने कथानक मोकळेपणाने सांगणार आहे; ज्यांना आधी पाहायचा असेल त्यांनी येथेच थांबावे.

चित्रपटाचे नाव 'डेथ लाइन', साल १९७२. दिग्दर्शक गॅरी शेरमन हा मूळचा शिकागोचा. लंडनमध्ये जाहिरातपट करीत असताना त्याने हा पहिला कथापट केला. अमेरिकेत तो 'रॉ मीट' अशा बटबटीत नावाने आणि काटछाट करून दाखवला गेला. नावावरून जो रक्तपात अपेक्षित असतो तो त्यात आहे. पण मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला अस्वस्थ केले ते रक्ताने नव्हे, तर पोलीस ठाण्यात शांतपणे सांगितल्या गेलेल्या एका जुन्या हकिगतीने.

कथा अशी. रसेल स्क्वेअर हे लंडनच्या भुयारी रेल्वेचे एक स्थानक. रात्री उशिरा तेथील जिन्यावर एक प्रतिष्ठित गृहस्थ बेशुद्ध पडलेला एका तरुण जोडप्याला दिसतो. ते पोलिसाला घेऊन परत येतात, तोवर गृहस्थ नाहीसा झालेला असतो. हा गृहस्थ संरक्षण मंत्रालयातला अधिकारी आणि सरकारी किताबाचा मानकरी निघतो, म्हणून तपास सुरू होतो. तपास करणारा इन्स्पेक्टर कॅल्हून (डोनाल्ड प्लेझन्सने काय धमाल रंगवला आहे!) सतत चहाच्या चिंतेत असतो. त्याचा एक सहकारी त्याला या मार्गाचा पूर्वेतिहास सांगतो: १८९२ साली येथे बोगदा खणताना दरड कोसळली, काही मजूर, पुरुष आणि स्त्रिया, आत अडकले, आणि त्याच सुमारास कंपनीचे दिवाळे निघाले. माती उपसायला पैसा नव्हता. म्हणून कोणी उपसलीच नाही.

आत अडकलेले मेले नाहीत. ते जगले, त्यांना मुले झाली, मुलांना मुले झाली. अन्न म्हणून त्यांच्याजवळ आपल्याच मृतांखेरीज काही नव्हते. १९७२ साली त्या वंशातला अखेरचा पुरुष आणि त्याची मरणासन्न गरोदर सोबतीण एवढीच उरली आहेत, आणि तो फलाटावरून माणसे उचलून नेतो आहे.

चित्रपटात एक प्रदीर्घ, न तुटणारे दृश्य आहे. कॅमेरा त्या वंशाच्या वस्तीतून संथपणे फिरत राहतो. अर्धवट खाल्लेली प्रेते दिसतात, आणि त्याच अंधारात नीट ओळीने निजवलेले पूर्वजही दिसतात. ज्यांना खाल्ले ते आणि ज्यांना जपले ते, असा फरक या 'राक्षसां'नी केला आहे. सोबतीण मरते तेव्हा तो रडतो. त्याला भाषा येत नाही. भिंतीपलीकडून पिढ्यान्‌पिढ्या कानावर पडलेले गार्डचे एकच वाक्य त्याला येते: 'माइंड द डोअर्स', म्हणजे 'दारांकडे लक्ष द्या'. शोक, विनवणी, धमकी, सारे तो याच तीन शब्दांत बोलतो. ह्यू आर्मस्ट्राँग या नटाने त्या तीन शब्दांतून जे उभे केले आहे ते प्रत्यक्ष पाहावे, वर्णन करून उपयोग नाही.

आता इतिहासाच्या विद्यार्थ्याला पडणारा पहिला प्रश्न: हे खरे आहे का?

नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या इतिहासात मजूर जिवंत गाडले गेले आणि त्यांना तसेच सोडून दिले, अशी घटना घडलेली नाही. सालही जुळत नाही. रसेल स्क्वेअर स्थानक १५ डिसेंबर १९०६ रोजी सुरू झाले, आणि त्या मार्गाचे खोदकाम विसाव्या शतकात सुरू झाले. १८९२ मध्ये त्या चौकाखाली कोणतीही कंपनी बोगदा खणत नव्हती. स्त्रियांचा उल्लेख तर उघडच कथेच्या सोयीसाठी आहे. बोगद्याच्या तोंडाशी खणणारे मजूर लंडनमध्ये पुरुषच असत. पण स्त्रिया नसत्या तर वंश कसा चालला असता?

तथ्ये तपासून चित्रपट निकालात काढणे हा आपल्या समाजमाध्यमांवरचा आवडता खेळ आहे, आणि मीही तो खेळलो आहे. येथे मात्र तसे करणे घाईचे ठरेल. तपशील खोटे असले तरी त्या गोष्टीचा सांगाडा कोठून आला, हे पाहण्यासारखे आहे.

सुरुवात थेम्स नदीखालच्या बोगद्यापासून करू. मार्क ब्रुनेल याने १८२५ मध्ये ते काम हाती घेतले. मऊ मातीत खणताना वरून माती ढासळू नये म्हणून त्याने लोखंडी चौकटींची एक ढाल योजली. तिच्या कप्प्यांत उभे राहून मजूर समोरची माती थोडी थोडी कापत आणि ढाल पुढे सरकवली जाई. मागे गवंडी लगोलग विटांचे अस्तर बांधत. कल्पना अपूर्व होती, पण वर नदी होती, आणि त्या काळची थेम्स म्हणजे शहराचे उघडे गटार. झिरपणाऱ्या घाणेरड्या पाण्याने आणि वायूने मजूर आजारी पडत, काहींची दृष्टी काही काळ जाई. १८२७ मध्ये नदी आत घुसली. पाणी उपसून दुरुस्ती झाल्यावर, लोकांचा विश्वास परत मिळावा म्हणून, बोगद्यातच मेजवानी झडली. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत, जानेवारी १८२८ मध्ये, नदी पुन्हा घुसली आणि सहा माणसे मेली. अभियंत्याचा मुलगा इझम्बार्ड जेमतेम वाचला.

पुढे काय झाले ते लक्षात घ्या. पैसा संपला. बोगद्याचे तोंड विटांनी बंद करण्यात आले आणि सुमारे सात वर्षे काम ठप्प राहिले. सरकारी कर्ज मिळाल्यावर ते पुन्हा सुरू झाले आणि १८४३ मध्ये बोगदा लोकांसाठी खुला झाला. कोसळणे, दिवाळे, विटांची भिंत: 'डेथ लाइन'चे तीनही घटक येथे आहेत. भिंतीमागे माणसे नव्हती, एवढाच फरक.

१० जानेवारी १८६३ रोजी मेट्रोपोलिटन रेल्वे सुरू झाली, जगातली पहिली भुयारी प्रवासी रेल्वे. ही खोल बोगद्यातली नव्हती. रस्ता उकरायचा, खंदकात रूळ टाकायचे, वर कमान बांधून पुन्हा रस्ता करायचा, अशी तिची पद्धत. अर्थात उकरायला जागा लागते, आणि ती फ्लीट नदीच्या खोऱ्यातल्या गरिबांच्या वस्त्यांतून मिळवली गेली. जून १८६२ मध्ये त्याच फ्लीटचे गटार फुटून सारे काम पाण्याखाली गेले. उद्‌घाटनाच्या मेजवानीला वृद्ध पंतप्रधान पामर्स्टन गेले नाहीत. या वयात जितके दिवस जमिनीवर राहता येईल तितके राहावे, असे ते म्हणाल्याची आख्यायिका आहे.

खऱ्या अर्थाने खोल 'ट्यूब' आली ती १८९० मध्ये: सिटी अँड साउथ लंडन रेल्वे. ब्रुनेलच्या ढालीची सुधारून गोल केलेली आवृत्ती जेम्स हेन्री ग्रेटहेड याने वापरली. लंडनच्या चिकणमातीत ती सुरीसारखी चाले. पाणथळ थर लागला की मात्र बोगद्यात दाबाखालची हवा भरून पाणी रोखावे लागे. अशा दाबात तासन्‌तास काम करून मजूर घाईने बाहेर आला, तर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनाचे बुडबुडे होतात. सांधे पिळवटून निघतात, कधी अर्धांगवायू होतो, कधी मृत्यू. बोगदा खणणाऱ्याला माती गाडते तशीच हवाही मारू शकते, हे त्या काळातल्या मजुरांना विज्ञान कळण्याआधी शरीराने कळले होते.

ग्रेटहेडचा पुतळा लंडनमध्ये कॉर्नहिल रस्त्यावर उभा आहे. तो १९९४ मध्ये उभारला गेला आणि त्याचा चौथरा पोकळ आहे, कारण त्यातून खालच्या बँक स्थानकाची हवा खेळते.

आणि दिवाळखोरी? तीही चित्रपटाने हवेतून आणलेली नाही. बेकर स्ट्रीट ते वॉटर्लू या भुयारी मार्गाला (आजची 'बेकर्लू' लाइन) पैसा पुरवत होता व्हिटेकर राइट नावाचा वित्तपती. खाणींच्या समभागांवर त्याने डोलारा रचला होता. हा गृहस्थ इतका श्रीमंत, की आपल्या इस्टेटीतल्या तळ्याच्या पाण्याखाली त्याने काचेच्या घुमटाची खोली बांधून घेतली होती! डिसेंबर १९०० मध्ये त्याची कंपनी कोसळली आणि अर्धवट खणलेल्या बोगद्यांचे काम रखडले. राइट पळाला, न्यूयॉर्कला पकडला गेला, जानेवारी १९०४ मध्ये लंडनच्या न्यायालयात दोषी ठरला आणि त्याच इमारतीत सायनाइड घेऊन मेला. मार्ग पुरा झाला तो चार्ल्स यर्कीज या अमेरिकन धनिकाने कंपनी विकत घेतल्यावर, १९०६ मध्ये.

म्हणजे दिवाळे निघालेली कंपनी आणि जमिनीखाली अर्धे सोडलेले बोगदे, हा लंडनचा खरा अनुभव आहे. शेरमनने त्यात फक्त एक प्रश्न मिसळला: त्या क्षणी आत माणसे असती तर? हिशेबाच्या वहीत त्यांची जागा कोणत्या रकान्यात असती?

योगायोग पाहा. 'डेथ लाइन'मधली स्थानकाची दृश्ये चित्रित झाली ऑल्डविच स्थानकात, आणि राइट जेथे मेला ते न्यायालय तेथून चालत काही मिनिटांवर आहे. ऑल्डविच १९०७ मध्ये सुरू झाले, कधीच फारसे चालले नाही आणि १९९४ मध्ये कायमचे बंद झाले. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या बोगद्यात ब्रिटिश संग्रहालयातील मौल्यवान वस्तू, पार्थेनॉनची शिल्पेसुद्धा, सुरक्षित ठेवली होती. युद्ध संपल्यावर त्या अर्थातच बाहेर काढल्या गेल्या.

आता थोडे आपल्याकडे वळतो, कारण या धाग्याची खरी सुरुवात माझ्यासाठी तेथेच झाली.

लहानपणी पुणे-मुंबई प्रवासात आम्ही भावंडे खंडाळ्याचे बोगदे मोजत असू. अंधार झाला की ओरडायचे आणि उजेड आला की आकडा सांगायचा. आकड्यावरून भांडण ठरलेले. हे बोगदे कोणी खणले, हा प्रश्न आम्हाला पडला नाही, आणि बरोबरच्या मोठ्यांपैकी कोणी तो विषयही काढला नाही. पुढे पदव्युत्तर अभ्यासात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेविषयी वाचू लागलो, तेव्हा एक तारीख पाहून थबकलो. बोरघाटाचा रेल्वेमार्ग २१ एप्रिल १८६३ रोजी खुला झाला. लंडनची मेट्रोपोलिटन रेल्वे त्याच वर्षाच्या जानेवारीतली. शंभर दिवसांच्या अंतराने एकाच साम्राज्याने ही दोन्ही कामे पुरी केली. आणखी एक जुळणी अशी, की लंडनच्या भुयारी रेल्वेचा पाठपुरावा करणारा चार्ल्स पिअर्सन आणि बोरघाटाचा मुख्य अभियंता जेम्स बर्कली, दोघेही आपले काम पुरे झालेले पाहण्याआधी १८६२ मध्येच वारले.

दोघांचीही नावे आपल्याला ठाऊक आहेत. मुद्दा तोच आहे.

बोरघाटात पंचवीस बोगदे सह्याद्रीच्या काळ्या कातळातून काढावे लागले. येथे चिकणमाती नव्हती आणि ढालही नव्हती. छिन्नी-हातोड्याने भोक पाडायचे, त्यात दारू ठासायची, वात पेटवून पळायचे. काही ठिकाणी कडा इतका सरळ होता की माणसांना दोराने खाली सोडून पहिले भोक पाडून घेतले गेले. ऐन भरात, १८६१ च्या सुमारास, घाटात सुमारे ४२,००० लोक राबत होते. आणि येथे, लंडनच्या उलट, कुटुंबेच्या कुटुंबे कामावर होती. पुरुष फोडत, बायका आणि मुले डोक्यावरून दगडमाती वाहत. 'डेथ लाइन'च्या पटकथेत ज्या स्त्रिया केवळ सोयीसाठी आल्या, त्या बोरघाटात खरोखर होत्या.

जानेवारी १८५९ मध्ये घाटात दंगल झाली. कारण साधे होते: मजुरी थकली होती. कंत्राटदार पोटकंत्राटदाराला देणार, तो मुकादमाला, आणि मजुराच्या हातात पोहोचेपर्यंत काही उरत नसे. दंगलीत एक युरोपीय मारला गेला, चौकशी झाली, आणि तिच्यातून १८६० चा मालक-मजूर तंट्यांचा कायदा निघाला. थकलेल्या मजुरीची दाद लवकर लागावी ही त्याची एक बाजू. दुसरी बाजू अशी, की करार मोडून काम सोडणाऱ्या मजुराला त्यात शिक्षाही होती.

त्याच वर्षी मूळ कंत्राटदार काम सोडून गेला. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि काही आठवड्यांतच आजाराने मेला. कंत्राट त्याच्या पत्नीने, अॅलिस ट्रेडवेलने, सांभाळले आणि दोन अनुभवी अभियंत्यांकरवी पुरे करून घेतले. तिच्याविषयी स्वतंत्र धागा लिहायला हवा. पण त्या काळात घाटात पटकी शिरली होती, आणि ती मजुरांच्या झोपड्यांतून हजारोंना घेऊन गेली. बोरघाटाच्या एकंदर बांधकामात मेलेल्यांचा आकडा इतिहासलेखनात पंचवीस हजारांच्या आसपास दिला जातो. तो अंदाज आहे. अचूक आकडा काढता येत नाही, कारण एकेका मजुराची नोंद ठेवण्याचे कारण कोणाला वाटले नव्हते. मुकादमाच्या हिशेबात टोळ्या होत्या, माणसे नव्हती.

अभ्यासिकेत बसून मी अहवाल वाचत होतो तेव्हा किती घनयार्ड कातळ फोडला, किती दारू लागली, किती खर्च झाला, हे सारे तपशील नेटकेपणाने मिळत गेले. मेलेल्या युरोपीय माणसाला नाव असे. मेलेल्या देशी मजुराला बहुधा फक्त आकडा असे, आणि तोही 'सुमारे' या शब्दासह. काही दिवसांनी 'डेथ लाइन' पाहिला आणि तो पुरुष बोलू लागला तेव्हा ही पाने डोळ्यांसमोर आली. त्यालाही नाव नाही. श्रेयनामावलीत तो केवळ 'माणूस' आहे.

चित्रपटाकडे परत येतो. तपास सुरू होतो तो नाहीसा झालेला गृहस्थ किताबधारी होता म्हणून, हे मी वर सांगितले. शेरमनने हे सहज पेरलेले नाही. पहिल्याच दृश्यमालिकेत तो किताबधारी गृहस्थ उंची टोपी-कोट घालून सोहोच्या बदनाम गल्ल्यांतून हिंडताना आणि मग फलाटावर एका स्त्रीला छळताना दिसतो. पुढे क्रिस्टोफर ली एका छोट्या भूमिकेत येतो, गुप्तचर खात्याचा अधिकारी म्हणून, आणि हे प्रकरण फार उकरू नकोस असे कॅल्हूनला गोड शब्दांत बजावतो. उकरणे या क्रियापदाभोवतीच हा सारा चित्रपट फिरतो. वरचे लोक कोणासाठी उकरतात आणि कोणासाठी उकरत नाहीत, हे तो पुन्हा पुन्हा दाखवतो. शेवटी पोलिसांना ती गुहा सापडते, निजवलेल्या पूर्वजांच्या रांगा ते पाहतात आणि परत फिरतात. मग पडदा काळा होतो आणि अंधारातून तीच हाक येते: 'माइंड द डोअर्स'.

काही वाचकांना हे वाचताना नोव्हेंबर २०२३ आठवला असेल. उत्तराखंडात सिल्क्यारा येथे बांधकाम चालू असलेला बोगदा कोसळून ४१ मजूर आत अडकले होते. सतरा दिवस आपण सारे बातम्या पाहत होतो. नळीतून आत अन्न गेले, कॅमेरा गेला, चेहरे दिसले, नावे वाचली गेली. परदेशातून आणलेले यंत्र ढिगाऱ्यात मोडले, आणि अखेरचे काही मीटर हाताने खणून काढले ते 'उंदीरबिळे' खणणाऱ्या खाणकामगारांनी; कोळसा काढण्याच्या ज्या पद्धतीवर २०१४ मध्ये हरित लवादाने बंदी घातली होती, तिच्यात तरबेज असलेल्या माणसांनी. सर्व ४१ जण जिवंत बाहेर आले. मी तेव्हा वसतिगृहातल्या टीव्हीसमोर होतो, आणि खोलीत इतक्या टाळ्या वाजल्या की शेवटचे काही शब्द ऐकूच आले नाहीत.

पुढच्या वेळी घाटातून जाताना बोगदे मोजलेत तर एक लक्षात असू द्या: जुन्या मार्गात नंतर बरेच फेरफार झाले, नवे रूळ आणि नवे बोगदेही आले, त्यामुळे आज मोजलेला आकडा मूळच्या पंचवीसाशी जुळणार नाही. आमचे भांडण त्यामुळेच कधी मिटले नाही.

अॅलिस ट्रेडवेलवरचा धागा पुढच्या आठवड्यात. तुमच्या घरी कोणाचे पणजोबा-खापरपणजोबा घाटाच्या कामावर होते अशी आठवण सांगितली जात असेल, तर खाली जरूर लिहा. नाव माहीत असेल तर नावासह.